भागिले दहा

कागदावर त्याचं नाव एका ओळीत मावत नाही.
मधे आकडे आहेत, आकड्यांना शेपट्या आहेत,
आणि पहिल्याच रकान्यात: वार्षिक उत्पादन, लाख टनांहून जास्त.
जास्त म्हणजे किती जास्त
ते लिहायला जागा सोडलेली नाही.

मी कंत्राटी. गावामागे साडेतीनशे आणि एस्टीचं तिकीट.
घाटंजीच्या पुढच्या फाट्यावर उतरले, तिथून पायी पिंपरखुटी.
शाळेच्या व्हरांड्यात प्रश्नावली उघडली
तर समोर आठ निळे ड्रम उन्हात उभे,
उद्याच्या लग्नातल्या पाण्यासाठी भाड्यानं आणलेले.
एकाच्या पोटावर अर्धं खरवडलेलं लेबल:
वाळलेलं झाड, त्याखाली मेलेला मासा.
कुण्या पोरानं कोळशानं त्या माशाला मिशा काढल्या होत्या.

झिंगरूजी ड्रमवाले म्हणाले,
"तीन पाण्यानं धुतला, मॅडम.
एक निरम्याचं, एक चिंचेचं, एक सादं.
वास येते का? घ्या पाहून."

मी वाकून आत तोंड घातलं.
आत माझाच श्वास, मोठा होऊन परत आलेला,
आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर,
पिकल्या सीताफळाच्या पलीकडचं, सडल्याच्या अलीकडचं.
रकाना सात: वास. मी लिहिलं, असावा.
मग खोडलं. असावा चालत नाही.
हो किंवा नाही.

सोबतच्या अहवालात मासे आहेत, शहाण्णव तास.
पांढरे उंदीर आहेत, नर-मादी समसमान, नव्वद दिवस.
शेवाळ आहे. गांडुळं आहेत, ओल्या मातीत चौदा दिवस,
त्यांचं वजन आधी आणि नंतर, मिलिग्रॅममध्ये.
नानीबाई टोडसाम नाही.

नानीबाई ड्रम धुते. एका ड्रमचे दहा रुपये.
ड्रम आडवा पाडते, कमरेपर्यंत आत शिरते,
नारळाच्या शेंडीनं बूड घासते
आणि आत गाणं म्हणते.
बाहेर शब्द येत नाहीत, नुसती घुम येते.

वजन? फॉर्मातला माणूस साठ किलोचा आहे,
आधीच छापून आलेला.
नानीबाईला कापसाच्या काट्यावर बसवलं. सदतीस.
"लग्नात बेचाळीस भरली होती मी," ती म्हणाली,
"तवा काहून नाई आल्या तुमी?"

हिशेबाची रीत अशी:
ज्या मात्रेला उंदराचं काही बिघडलं नाही, ती घ्या.
उंदरापासून माणसापर्यंत, भागिले दहा.
माणसापासून माणसापर्यंत, पुन्हा भागिले दहा.
प्रशिक्षणात मी हे हिरव्या शाईनं उतरवून घेतलं होतं,
पहिल्या दहाखाली एक रेघ, दुसऱ्याखाली एक.
दुसरा दहा कुठून येतो ते तेव्हा विचारलं नाही.
आता तो काट्यावर पाय हलवत बसला होता.

तिनं तांब्या पुढे केला.
मी म्हटलं, आत्ताच प्याले.
पिशवीतली बाटली फाट्यावरच संपली होती.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे,
आणि स्वतः वरून धार धरून पिऊन टाकलं, सगळं.

रकाना एकोणीस. संपर्क: त्वचेतून, श्वासातून, तोंडावाटे. एक निवडा.
मी वाचून दाखवलं.
"तिनी लिवा न बाई," ती म्हणाली,
"ड्रम का लहान हाये?"

पाचच्या सुमारास टेम्पो आला, आणखी बारा उतरले.
एस्टीला वेळ होता, म्हणून
शेवटचं पान तिथंच पायरीवर भरलं.
निष्कर्षाला दोनच चौकटी:
तूर्त चिंतेचं कारण नाही.
अधिक माहिती आवश्यक.
दुसरीत मी खूण केली, पेन उठेना म्हणून दोनदा.

अधिक माहिती तेव्हा
आडव्या ड्रममध्ये कमरेपर्यंत होती
आणि गात होती.